आप्पांचा कान आणि परत आलेला माल

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोनच गोष्टी साठतात, थर्माकोल आणि किस्से. थर्माकोल निदान शाळेच्या प्रोजेक्टसाठी कुणीतरी मागून नेतं. किस्से कुणी नेत नाही, ते वाढतच जातात. दुपारी परंड्याचा रस्ता उन्हानं सामसूम झाला, कुर्डुवाडीची गाडी निघून गेली, की त्यातला एखादा आपोआप बाहेर येतो आणि चहा गार होईपर्यंत संपत नाही.

दुकान तिघांचं. पुढं माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मधे रफिकभाईंचं मोबाइल रिपेअर आणि सगळ्यात आत गौतमआप्पा. टीव्ही, मिक्सर, मोटार, काहीही मेलेलं असो, आप्पा ते उठवतात. लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. त्यातला एखादा लॉट मी कॉम्प्युटरवर बोली लावून घेते, हे दोघं दुरुस्त करतात आणि आम्ही विकतो. लिलावात मालाला हात लावता येत नाही. एक अंधुक फोटो आणि खाली एकच ओळ, "न तपासलेला, जसा आहे तसा." परत करायची सोय नाही. अख्ख्या जगानं परत केलेली वस्तू आमच्याकडं येऊन कायमची थांबते!

खोकं उघडण्याआधी आमची एक रीत आहे. हे का परत केलं असेल, ते प्रत्येकानं सांगायचं. अंदाज बरोबर आला त्याला दुसरा चहा. रीत आप्पांनीच पाडली. "कुणाच्या तरी घरातनं आलंय ते," असं ते म्हणतात. "आधी त्या घरात जाऊन या, मग उघडा."

* * *

पहिल्याच लॉटमधे मिक्सर होते. एका खोक्यावर हात ठेवून रफिकभाई म्हणाले, "नवरा-बायकोचं भांडण." मी म्हटलं, "रंग आवडला नसेल." आप्पांनी खोकं कानाशी धरून हळूच हलवलं आणि खाली ठेवलं.

उघडलं तर आत फरशी! पांढरी, चकचकीत, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. कुणीतरी मिक्सर ठेवून घेतला होता आणि फरशी परत पाठवली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आप्पा मात्र फरशी हातात तोलत कौतुकानं म्हणाले, "वजन मातर बराबर जुळवलंय गड्यानं. लई मन लावून केलंय काम!"

ती फरशी आता आमच्या माठाखाली आहे. पाणी पिताना मला कधीकधी ते घर दिसतं. बाकी सगळं जागच्या जागी आहे, फक्त एका कोपऱ्यात एक फरशी कमी आहे.

* * *

मग तो झाडू मारणारा गोल डबा आला, आपोआप फिरणारा. रफिकभाईंनी चार्ज करून जमिनीवर सोडला. तो सरळ गेला, डावीकडं वळला, आप्पांच्या टेबलाला लांबून वळसा घातला आणि मागच्या भिंतीवर जाऊन आपटला. मागं सरला, पुन्हा तिथंच आपटला. दहा वेळा, त्याच जागी!

"बिघडलाय," मी म्हटलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "त्येच्या घरात तिथं दार हाय."

खरंच की! त्याच्या पोटात अजून जुन्या घराचा नकाशा होता. आम्ही तिघं कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत बसलो. त्या भिंतीपलीकडं काय असेल? रफिकभाई म्हणाले, गॅलरी असणार. मी म्हटलं, लहान बाळाची खोली. शेवटी रफिकभाईंनी नकाशा पुसायला बोट पुढं नेलं, तर आप्पा म्हणाले, "आजच्या दिस फिरू द्या त्येला घरात."

* * *

लॉटमधले मोबाइल म्हणजे जुगार. बाहेरून नवेकोरे, आतून मालकाच्या नावानं कुलूपबंद. उघडायला जुन्या मालकाचा पासवर्ड लागतो, आणि तो मालक कुठल्या शहरात आहे कुणास ठाऊक. असे फोन रफिकभाई स्क्रीन आणि बॅटरीसाठी खोलून सुटे करतात.

एका फोननं मात्र त्यांना अडवलं. रोज दुपारी चार वाजता तो कुलपातूनच वाजायचा आणि काचेवर दोन शब्द यायचे, "आईची गोळी."

रफिकभाईंनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तो फोन त्यांनी चार्जरला लावून फळीवर उभा केला. तेव्हापासून चार वाजले की रफिकभाई तो उचलून आप्पांच्या डोळ्यांसमोर धरतात आणि आप्पा मुकाट्यानं आपली बीपीची गोळी घेतात. "म्या काय आई हाय व्हय?" असं एकदाच म्हणाले. पण तेव्हापासून त्यांची गोळी एकदाही चुकलेली नाही.

डोळ्यांसमोर का धरतात, ते आता सांगते.

* * *

त्रेचाळीस इंची टीव्ही होता. लिलावातल्या फोटोत टीव्ही बंद असतो आणि बंद टीव्ही सगळे चांगलेच दिसतात. चालू केला तर पडदा आतून फुटलेला, नुसत्या रंगीत रेघा. आवाज मात्र असा खणखणीत की रस्त्यावरचा रसवाला उठून बघायला आला.

"रेडिओ म्हणून विकू," रफिकभाई ओरडले.

आप्पा टीव्हीच्या मागं वाकून बसले होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कान लावला आणि मान हलवली. "पडदा गेला ते गेला," ते म्हणाले, "आवाज बी गेलाय ह्येचा."

कुणी हसलं नाही. रफिकभाईंनी टीव्ही बंद केला.

बार्शीच्या डॉक्टरांनी आप्पांना तपासून सांगितलं, कान वाहतो म्हणून पडदे खराब झालेत, कानात मशीन बसवता येणार नाही. आतली नस मात्र शाबूत आहे. ऑपरेशनचं नाव काढलं की आप्पा चपला घालून निघायचे. म्हणून मी वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर त्यांच्याशी लिहून बोलायला लागले. दोन वर्षं तसंच चाललं. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण लिहिताना मी अक्षर छान काढायची.

* * *

आवाजावरून दोष ओळखणारा माणूस आवाजाविना काय करणार? आप्पांनी वाट काढली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. मोटारीची थरथर हाडातून आत जाते म्हणे.

एकदा एक शेतकरी बाई कूलरची मोटार घेऊन आल्या. वळून बघतात तर आप्पा डोळे मिटून, मोटारीवर वाकून, स्क्रू ड्रायव्हर तोंडात! बाई घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडं आल्या. "ताई, तुमचं म्हातारं मोटार चावायलंय की ओ!"

तेवढ्यात आप्पांनी डोळे उघडले. "बेरिंग," ते म्हणाले. आणि बेरिंगच होती!

पण प्रत्येक वस्तू दातांत धरता येत नाही. छोटे स्पीकर, रेडिओ, टीव्ही, सगळं हातातून निसटायला लागलं. यंदा आप्पांनी सांगून टाकलं, "दसऱ्याला हत्यारं पुजतो आन् पुण्याला पोराकडं जातो. आता म्या न तपासलेला माल झालोय." आप्पा गेले तर मागच्या खोलीत उरणार नुसतं भंगार, हे आम्हाला कळत होतं. त्याहून जास्त, आप्पाच नसणार हे कळत होतं. त्या दिवशी चहा कुणी प्यायलाच नाही.

* * *

आणि या सगळ्या काळात आमचा छताचा पंखा किरकिरत होता. कुईं... कुईं... एकसारखा. गिऱ्हाइकं वर बघायची. जगाचे पंखे दुरुस्त करणारं दुकान आमचं! पण आप्पांना सांगायचं कसं? सांगणं म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही, हे तोंडावर म्हणणं. त्यांच्या मागं करावं, तर ते सकाळी सगळ्यांच्या आधी येतात आणि शेवटी जातात. रफिकभाईंनी एकदा धीर करून स्टूल सरकवलं, तर आप्पा वर बघून म्हणाले, "कशाला? झ्याक फिरायलाय की!"

स्टूल पुन्हा जागेवर गेलं.

* * *

दसऱ्याला आठ-दहा दिवस असतील. शेवटचा लॉट म्हणून मी मिक्स हेडफोनवर बोली लावली होती. एक लहानसं खोकं निघालं. रफिकभाई म्हणाले, "कानाला टोचत असणार." मी कागदावर लिहिलं, रंग. आप्पा म्हणाले, "आवाज येत न्हाय."

आत चिठ्ठी होती, "आवाज येत नाही." आप्पांनी चहा जिंकला.

वस्तू विचित्रच होती. कानात घालायला काहीच नाही, नुसत्या दोन चपट्या गोळ्या, कानापुढच्या हाडावर टेकणाऱ्या. रफिकभाईंनी चार्ज करून स्वतःला लावून बघितली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "शोभाताई, आवाज आहे! कानातून नाही येत, हाडातून येतोय!"

मी आप्पांच्या दातांतल्या स्क्रू ड्रायव्हरकडं बघितलं. रफिकभाईंनीही बघितलं.

त्यांनी आपल्या फोनवर एक अ‍ॅप टाकलं, आजूबाजूचा आवाज टिपून हेडफोनमधे सोडणारं. फोन आप्पांच्या शर्टाच्या खिशात सरकवला आणि त्या दोन गोळ्या त्यांच्या हाडावर बसवल्या.

"काय करायलाव रे माझ्या..." आप्पा म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजानं थबकले.

त्यांनी हात वर केला, म्हणजे कुणी बोलू नका. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, तिकडं त्यांनी मान वळवली. माठातल्या पाण्याचा थेंब फरशीवर पडला, तिकडं बघितलं. मग त्यांची मान हळूहळू वर गेली.

"ह्यो फॅन कवापासून रडायलाय?"

 सवयीनं मी एक कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, दोन वर्षं.

आप्पांनी वाचलं. रफिकभाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आन् तुमी दोघं नुसतं ऐकत बसलाव?"

रफिकभाईंनी पंख्याचं बटण बंद केलं. आप्पांनी चपला काढल्या, स्टूलवर चढले आणि खाली हात पसरला.

"तेल दे," ते म्हणाले. "आन् त्यो कागद ठेव खाली, शोभे. बोल."