'संशया'ची उकल करणाऱ्या देऊळगावकर मॅडम

देऊळगावकर मॅडमची आणि माझी पहिली भेट त्यांच्या गारखेड्यातल्या घराच्या फाटकात झाली. मी करमाडची, शेतकऱ्याच्या घरातली. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कारकून म्हणून नुकतीच लागले होते. तिथला सगळा कारभार इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी परीक्षेपुरतं पाठ केलेलं. कुणीतरी मॅडमचा संध्याकाळचा वर्ग सुचवला. फाटकात उभ्या असलेल्या बाईंना मी घाबरत म्हणाले, "आय ॲम सर्चिंग देऊळगावकर मॅडम."

त्यांनी दोन्ही हात वर केले. "घे बाई झडती. कमरेला फक्त किल्ल्या आहेत."

मग त्या खळखळून हसल्या. 'सर्च' म्हणजे झडती घेणं आणि 'सर्च फॉर' म्हणजे शोधणं, हे मला चप्पल काढायच्या आधीच कळलं.

तेव्हा शहर जालना रोडनं भराभर पुढं सरकत होतं. नव्या कंपन्या, नवी घरं. नळाला मात्र चार-चार दिवस पाणी नाही. मॅडमकडं व्हरांड्यात माठ असायचा. खेड्यावरून आलेल्या प्रत्येकाला आधी तांब्याभर पाणी, मग पाठ. "तहानलेल्याला स्पेलिंग आठवत नाही," असं त्या म्हणत. 'रिमेंबर' म्हणजे आपण आठवणं, 'रिमाइंड' म्हणजे दुसऱ्याला आठवण करून देणं; 'हिअर' म्हणजे कानावर पडणं, 'लिसन' म्हणजे लक्ष देऊन ऐकणं. अशा जोड्या त्या घरच्या गोष्टींतून समजावत, आणि व्हरांड्यातलं हसू गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

पण या जोड्यांचं मोल मला दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. कंपनीला रोज टँकरनं पाणी यायचं. चालक होते ज्ञानोबा, आमच्याच भागातले. एकदा सलग तीन दिवस टँकर अर्धवटच भरलेला आला. ज्ञानोबा वाटेत पाणी विकतात, अशी कुजबुज सुरू झाली. मॅनेजर परप्रांतातले, त्यांना मराठी येत नव्हती. टँकरची नोंद माझ्याकडं होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत माझा इंग्रजीत लेखी जबाब मागितला. त्यावर ज्ञानोबांची नोकरी ठरणार होती.

संध्याकाळी मी कच्चा जबाब मॅडमना दाखवला. त्यात होतं, 'आय डाउट दॅट द ड्रायव्हर सोल्ड द वॉटर.'

मॅडमनी चष्मा काढला. "त्यांनी पाणी विकलं असं तुला वाटतं, की विकलं नसावं असं?"

"संशय आहे, एवढंच लिहिलंय मॅडम."

"मराठीत दोन्हीला संशयच म्हणतात. पण इंग्रजीत 'डाउट' म्हणजे विकलं नसावं, आणि 'सस्पेक्ट' म्हणजे विकलं असावं. तुझं कोणतं?"

"मग 'सस्पेक्ट' लिहिते."

"थांब. तू विकताना पाहिलंस?"

"नाही."

"ज्ञानोबांना विचारलंस?"

तीन दिवसांत मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः स्कूटरवरून करमाडला आल्या. मला मागं बसवून टँकर भरायच्या विहिरीवर घेऊन गेल्या. ज्ञानोबांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत.

"इकलं नाय ताई. वाटंवरच्या वाडीतली हीर आटली. बाया लेकरं घिऊन तिन्ही दिस रस्त्यात आडव्या उभ्या व्हत्या. मी कॉक सोडला. कुणाला इचारलं नाय, ती चूक माझी हाय."

परतताना मॅडमनी त्या वाडीवर स्कूटर थांबवली. बायांनीही तेच सांगितलं. मी कागद काढला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता 'डाउट' नको आणि 'सस्पेक्ट'ही नको. आता तुला माहीत आहे. 'आय नो' लिही."

मी लिहिलं: ज्ञानोबांनी पाणी विकलं नाही, दिलं. मॅनेजरांनी तो कागद दोनदा वाचला. न विचारता दिल्याबद्दल ज्ञानोबांना बोलणी बसली, नोकरी मात्र राहिली. आणि पाऊस येईपर्यंत रोज वाडीवर दोन पिंपं भरून द्यायचा हुकूम निघाला. त्या दिवशी स्टोअरमध्ये एकटी असताना मला रडू आलं. माझ्या एका शब्दानं एका घराची चूल विझणार होती.

मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मी काय केलं? व्याकरण तपासलं." मोठेपणा अंगाला लावून न घेणं, हा त्यांचा स्वभावच आहे.

आता मॅडमना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. गेल्या आठवड्यात मी आम्हा विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या त्यांच्या सत्काराची पत्रिका घेऊन गेले. त्यांनी ती वाचली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. क्रांती चौकातल्या छापखान्यानं 'फेलिसिटेशन'ऐवजी 'फॅसिलिटेशन' छापलं होतं; म्हणजे सत्काराच्या जागी सोय!

मी ओशाळून म्हणाले, "मॅडम, सगळ्या पत्रिका पुन्हा छापून घेते."

"मुळीच नाही! या वयात सत्कारापेक्षा सोयच बरी. पाठीला टेकण असलेली खुर्ची ठेवा, आणि चूक शोधतील त्यांना पुढच्या रांगेत बसवा."

मॅडम, खुर्ची ठेवली आहे. पुढची रांग तुमच्या विद्यार्थ्यांनी भरली आहे. तुमचे गुडघे, डोळे आणि हे हसू, सगळं असंच धडधाकट राहो, आणि शंभरीच्या पत्रिकेतली चूकही तुम्हीच आम्हाला दाखवा.