रिकामी घळ

आमच्या वाडीकडून खडकाखडकाने आगरदांड्याच्या जेटीकडे निघालं की वाटेत एक घळ लागते. माणूस वाकून आत शिरेल एवढीच. भरतीला ती पूर्ण बुडते. बाकीच्या खडकांवर कालवं इतकी की पाय ठेवायला जागा नाही, पण या घळीत एकही नाही. गोगलगाय नाही, खेकडा नाही, माशीसुद्धा बसत नाही. छताला आणि भिंतींना पिवळट, भोकाभोकांचं, मऊ काहीतरी चिकटलेलं आहे आणि दवाखान्यात शिरल्यावर येतो तसा वास येतो. वाडीत त्या मऊ वस्तूला कुणी नाव दिलेलं नव्हतं. घळीला मात्र सगळे रिकामी घळ म्हणतात.

माझ्या सासूबाई, वेणूबाई, चाळीस वर्षं त्या खडकांवरची कालवं काढून विकतात. मी लग्न होऊन रेवसहून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "किशोरी, त्या घळीत जायाचं न्हाय." का, ते सांगितलं नाही. ते मला नवऱ्याकडून, हितेशकडून कळलं.

हितेश दोन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. नारळी पुनवेनंतर पाचव्या दिवशी माझे सासरे धर्माजी यांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. होडीत दोघंच होते. दुसरा चांगदेव, तो तिसऱ्या दिवशी दिघीच्या बाजूला लागला. करगोट्यावरून ओळखावा लागला. सासरे सापडेनात. दहाव्या दिवशी, अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, ते सासूबाईंनाच सापडले, त्या घळीत. अंगावर ओरखडा नाही, वास नाही. आंघोळ करून जरा आडवं व्हावं तसा माणूस. मुरुडहून डॉक्टर आले, तपासून कागद देऊन गेले आणि अंधार पडायच्या आत अग्नी दिला. पण वाडी बिथरली ती बिथरलीच. दहा दिवस पाण्यात असलेला माणूस असा कसा राहील? वर्षभर बाजारात एकही बाई सासूबाईंच्या शेजारी पाटी मांडत नव्हती.

हे सगळं आमच्या घरात कधी बोललं जायचं नाही. मागच्या डिसेंबरात मृणाल आली नसती तर पुढेही बोललं गेलं नसतं.

मृणाल मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली. तिशीची, सडपातळ. परवानगीचे कागद आणि बर्फाचा डबा घेऊन आली आणि आमच्याच पडवीत उतरली. खडकांवरचे स्पंज आणि तसलेच मऊ जीव तिला थोडे थोडे कापून न्यायचे होते. मी विचारलं, हे घेऊन करणार काय?

"हे जीव आहेत, ताई, झाडं नाहीत," ती म्हणाली. "यांना पळता येत नाही, कवच नाही, नखं नाहीत. आणि समुद्राच्या पाण्यात जंतू तर खच्चून भरलेले. मग हे तगतात कसे? अंगातच काही द्रव्यं तयार करून जंतूंना लांब ठेवतात. आपल्याकडची जुनी औषधं आता कितीतरी जंतूंवर चालेनाशी झालीत. नवं काही मिळतं का, ते यांच्यात बघायचं."

दोन दिवस ती आमच्याबरोबर फिरली. तिसऱ्या संध्याकाळी जेवताना तिने सहज विचारलं, "मावशी, अशी एखादी जागा आहे का, जिथे एकाच जातीचा जीव वाढलाय आणि बाकी कुणी फिरकत नाही?"

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. सकाळी सहाला मात्र लुगड्याचा काष्टा घट्ट मारून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "चल बाय. आज अवस. पानी लांब जाईल."

उजाडता उजाडता आम्ही तिघी घळीपाशी पोचलो. मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते. वास नाकात शिरला आणि जिभेवरही आला, कडू. मृणालने टॉर्च मारला तसं छत ओलं ओलं चमकलं. ती चिमट्याने एक तुकडा सोडवू लागली. खाली गुडघाभर पाण्याचं एक डबकं होतं. त्याच्या तळाशी एक बोय मासळी पडली होती, हातभर लांब. खवले चकचकीत, डोळे स्वच्छ.

"आत्ताच अडकलेली दिसतेय," मृणाल म्हणाली. "ताजी आहे."

"ताजी न्हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "गेल्या अवसेलाबी हितंच व्हती. शेपटीचा तुकडा निघालाय बघ. मीच टोचून बघितली व्हती."

मी सासूबाईंकडे वळले. "आय, तुम्ही इथे येता?"

"येते."

"कधीपासून?"

मृणालने बोय उचलून खडकावर ठेवली आणि धारदार पात्याने उघडली. मी मासळीतच वाढलेली बाई, पण असा मासा कधी पाहिला नव्हता. कल्ले पांढरेफटक, धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखे. आत रक्ताचा थेंब नाही. काळीज घट्ट, करडं. आणि वरून बघावं तर आता शेपूट मारील असं वाटावं.

"मेलेली आहे," मृणाल हळू म्हणाली. "कधीचीच. फक्त सडलेली नाही."

सासूबाई माशाजवळ उकिडव्या बसल्या. बराच वेळ कल्ल्यांना बोट लावून बघत राहिल्या. मग बोलल्या, पण आमच्याकडे न बघता.

"त्यांना मी हलवलं व्हतं. गालावर मारलं. हाका मारल्या, मारल्या. वाटलं, निजलेत, उठतील. पानी चढाया लागलं तवा वढून भाईर काढलं. डाक्टर म्हनला, नाडी न्हाय. पन तोंडावर तेज तसंच. लाकडांवर ठेवलं तवाबी तसंच. चौतीस वर्सं झाली बाय. मी जित्या मानसाला जाळलं काय, ह्ये कुनाला इचारू?"

मृणालने पातं खाली ठेवलं. "नाही मावशी. दहा दिवस पाण्याखाली कुणी जगत नाही. ते पहिल्याच दिवशी गेले होते. ही बघा ना, हीसुद्धा जिवंतच वाटते."

"मंग त्ये बी ह्या बोयीवानीच?"

"हो. असेच."

सासूबाई मोठ्याने रडल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. पाणी घोट्याला लागलं तेव्हा आम्ही त्यांना धरून बाहेर आणलं.

तीन महिन्यांनी मृणालचा फोन आला. घळीतल्या त्या पिवळट स्पंजाचा अर्क जंतूंच्या थरावर टाकला तर भोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल पडला, इस्पितळातल्या हट्टी जंतूंच्या थरावरसुद्धा. पण तोच अर्क माणसाच्या पेशींनाही मारत होता. औषध लांब आहे, म्हणाली. मी बोयीचं विचारलं.

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "आत रोज दोनदा भरती शिरते, पाणी बदलतं. स्पंजातून एवढं द्रव्य पाण्यात उतरेल हे पटत नाही. मासा टिकायलाच नको होता."

एप्रिलात ती पुन्हा तुकडा घेऊन गेली. तीच भिंत, तोच जीव. या वेळी जंतूंवर काहीच परिणाम झाला नाही. कदाचित द्रव्य स्पंज बनवत नसेल, त्याच्या आत राहणारं आणखी काही बनवत असेल, असं तिला आता वाटतं. ते काय आणि आत आहे की गेलं, हेच ती शोधतेय.

सासूबाई घळीत जात नाहीत. आता त्यांना रात्री झोप लागते. गेल्या श्राद्धाला त्यांनी पहिल्यांदा सासऱ्यांचा फोटो मोठा करून भिंतीला लावला.

मृणालबरोबर मी जाते. आत शिरायच्या आधी ती मला सांगते, "ताई, मी बाहेर येईपर्यंत बोलत राहा. काहीही बोला, पण थांबू नका." एकदा मी थांबले होते, तर पांढऱ्या चेहऱ्याने धावत बाहेर आली. एवढंच म्हणाली, "आवाज थांबला आणि आत आपण जिवंत आहोत की नाही, तेच कळेना." तेव्हापासून मी घळीच्या तोंडाशी उभी राहून पोरांच्या शाळेचं सांगते, बाजाराचं सांगते, कुणाच्या लग्नाचं सांगते. आतून तिचा चिमटा वाजतो तोवर बरं वाटतं.