लाल सळई

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. डागणीवर मात्र होता, आणि त्याची लाज वाटते म्हणूनच हे लिहितोय.

माजलगाव तालुक्यातलं आमचं गाव. दुष्काळाचं वर्ष, धरण तळाला गेलेलं. आमच्या दूध सोसायटीने चारा छावणी चालवली होती आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी — बी.एस्सी. झालेला, हे मुद्दाम सांगतो. माझी मनू तीन वर्षांची. तिच्या कमरेखाली, मणक्यावर, जन्मापासून लिंबाएवढी मऊ गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून आम्ही निवांत. त्या उन्हाळ्यात तिचा डावा पाय फरपटायला लागला.

बायको म्हणाली, "अंबाजोगाईला दाखवू." मी म्हणालो, छावणी सोडून कुठं जाऊ? छावणीतच गावातले गणपा आबा लंगडे बैल तापल्या सळईने डागायचे, आणि त्यातले दोन-तीन माझ्या डोळ्यांदेखत नीट चालायला लागले होते. बैलाला चालतं तर...

भर दुपारी मनूला मांडीवर पालथी घेतली. सळईचं टोक लालबुंद होतं — मी स्वतः पाहिलं.

"सेक्रेटरी, घट धरा. एकच डाग, लई न्हाई," म्हणत आबांनी ती गाठीवर टेकवली.

मनू रडली नाही. म्हणाली, "बाबा, गार लागतंय."

कातडीवर ठिपकासुद्धा नाही. आबांचा चेहरा पांढराफटक. "तापलीच न्हाई का काय..." ते पुटपुटले. टोक तर लालच दिसत होतं. मला रागच आला, आणि खात्री करायला मी त्यावर तळहात टेकवला.

चर्र झालं. पुढचं मला नीट आठवत नाही.

हाताला फडकं गुंडाळून संध्याकाळच्या एसटीने आम्ही अंबाजोगाई गाठली. तपासण्यांनंतर डॉक्टर म्हणाले, "असं फार क्वचित दिसतं. ही चरबीची गाठ आत थेट मज्जारज्जूला चिकटलीय. मूल वाढेल तसा तो ताणला जातो. गावाकडं अशा गाठी डागतात; हिची डागली असती आणि जखम चिघळली असती, तर संसर्ग मेंदूपर्यंत गेला असता." मग माझ्या हाताकडे पाहून विचारलं, "हे कशानं?" मी हात पाठीमागे नेला.

ऑपरेशन झालं. आबांनी त्यानंतर सळई हातात धरली नाही.

मनू आता दहावीला आहे. पाय किंचित ओढते, पण सायकलवर शाळेत जाते. मनूला गार लागलेल्या सळईने माझा हात कसा भाजला, याचं उत्तर बी.एस्सी.च्या पुस्तकांत मला तरी सापडलं नाही. मनू कधीकधी माझा तळहात उघडून त्या डागावर बोट फिरवते आणि विचारते, "बाबा, हे कशानं झालं?"

तिला काय सांगू? त्या दुपारी तिला घट्ट धरून ठेवणारे हात माझेच होते.