व्हॅलेन्सियाला खाल्लेलं नवं

विमान खाली उतरायला लागलं आणि मला भात दिसलं.

खोटं वाटेल, पण खरंच सांगते. आधी निळं पाणी, मग पाण्याला लागूनच पिवळे तुकडे, बांधांनी कापलेले. मी शेजारी बसलेल्या जयूला कोपर मारलं. "अगं ऊठ, हे तर आपल्या झरी गावच्या खालच्या शेतासारखं दिसतंय. पिकलंय बघ, कापायला आलंय!"

जयू डोळे न उघडताच म्हणाली, "हो आये, इथे भात पिकतं. म्हणून तर..." आणि कुशीवर वळली. म्हणून तर काय, ते मला रविवारी कळलं. तोवर शुक्रवार आणि शनिवार जायचे होते.

जयू म्हणजे जयवंती, माझी धाकटी. तलासरीला आश्रमशाळेत शिकली, पुढे इंजिनियर झाली आणि तीन वर्षांमागे जर्मनीला नोकरीवर गेली. मला जे काय लिहिता-वाचता येतं ते तिच्याच जुन्या पुस्तकांवरून. यंदा तिने मला महिनाभर बोलावून घेतलं आणि मधेच एकदा म्हणाली, "चल, तीन दिवस नुसतं मजेत राहू. घाई नाही, काम नाही." म्हणून स्पेन देशातल्या या व्हॅलेन्सिया नावाच्या जुन्या शहरात आम्ही आलो. तिचा नोकरीचा करार दिवाळीला संपणार होता. पुढे काय, घरी येणार की नाही, हे विचारायला मी रोज तोंड उघडायची आणि भलतंच काही बोलून मिटायची. ती पण तशीच. दोघी एका खोलीत, आणि तो एक प्रश्न पाहुण्यासारखा मधे बसलेला.

हॉटेल म्हणजे जुन्या गल्लीतलं दगडी घर. खोलीला लोखंडी कठड्याची गॅलरी, खाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, फळं अजून हिरवी. मी म्हटलं, "आपल्याकडे असती तर पोरांनी पिकेपर्यंत ठेवली असती का?" जयू म्हणाली, "कडू असतात, म्हणून वाचलीत." माझ्या पायात तिने घेऊन दिलेले पांढरे बूट, अंगावर जांभळी साडी. काउंटरवरची बाई, केस पांढरे पण ओठ लालभडक, टेबलामागून बाहेर आली आणि माझ्या पदराचा काठ दोन बोटांत धरून बघितला. मग गळ्यातला स्वतःचा रेशमी रुमाल माझ्या हातात दिला, की आता तू बघ. भाषा नाही, काही नाही, पण पाच मिनिटं आम्ही कापडावर बोललो.

शनिवारी मी नऊला उठले. आयुष्यात आजारी नसताना एवढा वेळ मी कधी झोपले नव्हते. लाज वाटून खिडकी उघडली तर अख्खी गल्ली झोपलेली! मग काय, परत पडले.

दहाला न्याहारीला गेलो. तिकडे एक पांढरं गार पेय मिळतं, ओर्चाता म्हणतात, त्यात लांबट मऊ पाव बुडवून खायचा. गोड, दुधासारखं, पण दूध नाही. कशाचं म्हणून विचारलं, तर दुकानदाराने वाटीत वाळलेले कंद आणून दाखवले. मी एक चावला आणि हसतच सुटले. अहो, लव्हाळा! आपल्या शेतात गवत माजतं, त्याच्या मुळाशी गाठी असतात ना, त्याचाच कोणीतरी भाऊबंद. "जयू, मी जन्मभर उपटून बांधावर फेकलं ते हे लोक साखर घालून पितात." तिने ते दुकानदाराला सांगितलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि मला आणखी एक पेला फुकट दिला. माझ्या लव्हाळ्याची नुकसानभरपाई.

मग रेशीमवाल्यांची जुनी पेढी पाहिली. शेकडो वर्षांमागे तिथे रेशमाचे सौदे व्हायचे. आतले खांब दगडाचे, पण सुंभ वळावा तसे पिळलेले, वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे पसरलेले. मी एका खांबाला टेकून पाऊण तास बसले. कोणी उठवलं नाही. समोर मोठा बाजार, रंगीत काचांचा घुमट, त्याखाली टोमॅटो इतक्या प्रकारचे की माझी मोजणी चुकली.

दुपारी जयूने मला भारी जागी जेवायला नेलं. पांढरं कापड, तीन-तीन काटे. मधे आली काळी पसरट कढई, त्यात पिवळा भात, त्यात ससा, कोंबडी, शेंगा आणि शेतातल्या गोगलगायी. पाहूनच जीव खूश. आमच्याकडच्या खाण्याला नाकं मुरडणारे इथे आणून बसवावेत. मी चमचा उचलला आणि माझ्या डोक्यात विमानातून दिसलेलं ते पिकलेलं शेत आलं.

"जयू, विचार, हा तांदूळ जुना की नवा?"

वाढणाऱ्याने आतून आचाऱ्याला बोलावलं. आचारी आला तो हसतच, लग्नाची बातमी सांगावी तसा. नवा! याच आठवड्यात कापलेला, त्याच्या भावाच्या शेतातला!

मी चमचा खाली ठेवला.

तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे नव्या भाताचा पहिला घास म्हणजे नवं. देवाला आणि वाडवडलांना दिल्याशिवाय नवा दाणा तोंडात जात नाही, मग तो कोणाच्याही शेतातला असो. आणि नवं खायला सगळं घर एका पंगतीला बसतं. जो नसेल त्याचंही पान मांडायचं, वाढायचं आणि मग ते गायीला द्यायचं. तीन वर्षं जयूचं पान मीच गायीपुढे नेलं होतं.

"आये, दोन आठवडे आधी टेबल सांगून ठेवलं होतं गं," जयू म्हणाली.

"मग मी काय देवालाही टेबल सांगून ठेवायचं होतं?"

आचाऱ्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. जयूने त्याला समजावलं, काय ते देव जाणे. शेजारच्या टेबलावर चार कॉलेजची पोरं-पोरी होती, त्यांना आम्ही ती कढई देऊन टाकली. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बदल्यात आम्हाला तळलेले मासे पाठवले. मी मासे आणि पाव पोटभर खाल्ले. जयूने मात्र भाताला हात लावला नव्हता, आणि माशांनाही फारसा नाही. मला वाटलं, रागावली.

रविवारी सकाळी बसने तळ्याकडे गेलो. अल्बुफेरा नावाचं मोठं तळं, त्याच्या काठाने भातच भात. निम्मं कापलेलं, निम्मं उभं, मधून बगळे चालत होते. वास तोच. मी बांधावर बूट काढून बसले, पाय चिखलात घातले. जयू शेजारी येऊन बसली, तिनेही घातले.

"काल रागावलीस ना?" मी विचारलं.

"नाही गं." मग म्हणाली, "आये, गणपती गेले की मी भात बंद करते. तू फोनवर नवं झालं म्हणून सांगतेस ना, त्या दिवशी परत शिजवते."

"तिन्ही वर्षं?"

"तिन्ही."

"आणि तोवर खातेस काय?"

"बटाटे."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "मग काल कशी खायला निघालीस, बाई?"

"तू समोर होतीस. मला वाटलं, तू असलीस की तेच नवं. म्हणून तर हे गाव शोधलं, भात कापायच्या दिवसांत. देवाला द्यायचं राहतं हे डोक्यातच आलं नाही." पायाने चिखल ढवळत ती म्हणाली, "करार वाढला आये, दोन वर्षांनी. मी सही केली. घरी नव्याला येणं होत नाही, तर नवं इकडे आणावं म्हटलं."

झालं. इतके दिवस मधे बसलेला पाहुणा उठून गेला. मला वाटलं होतं, ऐकून मी कोसळेन. पण माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? अजून दोन वर्षं बटाटे!

मी तिच्याच मोबाईलवरून घरी फोन लावला. झरीत दुपार झाली होती. जयूचे बाबा रेंज मिळते त्या टेकाडावर गुरं घेऊन गेलेले, म्हणून लागला. सगळं सांगितलं.

"तिकडे शेत आहे?" त्यांनी विचारलं.

"समोरच आहे."

"मग देव पण असेल. ज्याचं शेत त्याच्या देवाला आधी दे. मग आपल्या वाडवडलांची नावं घे. आपल्या घरचं नवं तू आल्यावर करू."

"आणखी दोन वर्षं राहते म्हणते."

"ऐकलं मी. तू पोरीला जेवू घाल."

कडेला एक म्हातारा शेतकरी कापणीच्या यंत्राची काही खटपट करत होता. विसेन्ते त्याचं नाव. जयूने त्याच्या बोलीत मोडकंतोडकं नव्याचं सांगितलं, अडलं तिथे मोबाईलला विचारलं. म्हाताऱ्याने टोपी काढली, विळ्याने उभ्या पिकातल्या ओंब्या कापल्या आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या. पळस नव्हता, सागही नव्हता. त्याच्या झोपडीमागे अंजीर होतं, त्याचं पान घेतलं. नखाने दाणे सोलले, बटव्यातलं हळदकुंकू वाहिलं, पान पाण्याकाठी ठेवलं. सासऱ्यांचं, आजेसासऱ्यांचं, सगळ्यांची नावं घ्यायला तोंड उघडलं. म्हाताऱ्यानेही छातीवर क्रूस काढला आणि जयूला विचारलं, "माझ्याही बापाचं नाव घेतलं तर चालेल का?" मी म्हटलं, शेत कोणाचं? त्याचंच तर आधी घ्या. मग मी आमच्यांची घेतली.

त्यानेच आम्हाला गावातल्या खानावळीत नेऊन बसवलं. ना पांढरं कापड, ना काटे. लाकडाच्या जाळावरची नव्या भाताची कढई मधे ठेवली आणि लाकडी चमचे दिले. ताटं नाहीत. प्रत्येकाने आपल्या समोरून खायचं. जयूने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. शेवटी बुडाला खरवड उरली, तिकडे तिचा भारी मान. ती म्हाताऱ्याने खरवडून आम्हा दोघींच्या समोर लोटली.

झरीत परतले त्या आठवड्यात आमचं हळवं (लवकर पिकणारं भात) घरात आलं. पंगत बसली. जयूचे बाबा पानं मांडत होते, सवयीने एक जास्तीचं मांडायला वाकले. मी म्हटलं, "राहू द्या. तिने खाल्लं."

ते पान हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग विचारलं, "कशावर वाढलंस?"

"वाढलं नाही. एकाच कढईत, दोघी समोरासमोर."

त्यांनी ते पान गड्डीत परत ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "खरवड कोणी खाल्ली?"

"तिने," मी म्हटलं, "सगळी."