चहातला तागाचा धागा

"कारखाने साखर परत तागात भरायला लागलेत म्हणे. मग रेहाना भाभीला..."

शेजारचे चन्नप्पा अण्णा फोनवर एवढं बोलले, अन् नेमकी माझ्याच कुकरनं शिट्टी मारली! भिंतीजवळून उठून, गॅस बंद करून परत येईपर्यंत अण्णा तुरीच्या भावावर पोचले होते.

मग पुढचं वाक्य मी माझ्या मनानं पुरं केलं. मुरूम गावातल्या आमच्या गल्लीत सगळेच तसं करतात. अन् अण्णांच्या बारदानाच्या दुकानाचे किस्से म्हणाल तर ते साडीला चिकटलेल्या तागाच्या कुसांसारखे. एक काढायला जावं, तर दहा हाताला येतात.

*

बारदान म्हणजे रिकामी पोती. व्यापाऱ्यांकडं साखर खपली की तागाची पोती अण्णा घ्यायचे. आम्ही बाया ती उलटी करून झटकायचो, फाटलेली शिवायचो. मग तीच पोती तुरीला, हरभऱ्याला जायची. शिवायला तिघी. अण्णांची बायको महादेवी अक्का, समोरच्या खोलीतली रेहाना भाभी, अन् मी. "ही शिवती कमी अन् बोलती लई," असं अक्का माझ्याबद्दल पाहुण्यांना सांगायची.

पोतं झटकलं की शिवणीत अडकलेली साखर खाली पडायची. ती बायांची! कितीही चाळा, एखादा बारीक धागा राहायचाच, अन् चहात तरंगायचा. अक्का म्हणायची, "धागा निघाला, आज पाहुणा येणार!"

गंमत म्हणजे यायचा. बाजाराच्या गावाला पाहुण्यांचा काय तोटा!

एकदा माझ्या पुतणीला बघायला लोहाऱ्याची मंडळी आली. मुलाच्या वडिलांच्या कपात हा लांब धागा! मी जागच्या जागी गार. अक्का शांतपणे म्हणाली, "शुभ असतंय. धागा निघाला की पाहुणा येतो."

"अहो, आम्ही आलोयच की!"

"म्हणून तर निघाला!"

लग्न जमलं. व्याही अजून विचारतात, "त्या अक्कांचा चहा मिळंल का?"

*

उभं फाटलेलं पोतं अक्का आणि रेहाना जोडीनं शिवायच्या. समोरासमोर बसायचं, एकीनं एका टोकाकडून यायचं, दुसरीनं दुसऱ्या. मधे दाभणाला दाभण भिडलं की शेवटची गाठ एकच. ती कुणी मारायची, यावर रोज भांडण!

"तुझी गाठ सुटती."

"अन् तुमची आंधळ्यालाबी दिसती, अक्का!"

एकदा भांडता भांडता दोघींनीही गाठ मारली नाही अन् पोतं तसंच गेलं. दुसऱ्या दिवशी शेतकरी दारात. "अण्णा, घरापासून रानापर्यंत हरभरा सांडत गेलाय!"

रेहाना म्हणाली, "मग काय, पेरणी फुकटात झाली की!"

*

मग एक दिवस टाय लावलेले साहेब आले. हातात पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या पोत्याचं सॅम्पल. म्हणाले, "मार्केटचा ट्रेंड बदललाय, अण्णा. हे भिजत नाही, कुजत नाही, अन् साखरेचा एक कण आत चिकटत नाही!"

शेवटचं वाक्य ते मोठ्या अभिमानानं बोलले. अक्कानं पोत्यात डोकं घालून बघितलं, बाहेर काढलं अन् विचारलं, "कण चिकटत न्हाय, मग चहा कशाचा प्यायचा?"

साहेबांकडं त्याचं सॅम्पल नव्हतं.

*

तरी प्लास्टिक आलंच. ताग हळूहळू गेला. त्यात शहरात किलोच्या पिशव्यांची फॅशन निघाली, वर फुलांची चित्रं.

अण्णांनी हट्टानं पांढऱ्या पोत्यांचा धंदा करून बघितला. दुपारचं जेवण झालं की थप्पीवर चढून झोपायची त्यांची जुनी सवय. तागाला ताग धरून असायचा, थप्पी हलायची नाही. प्लास्टिक पडलं गुळगुळीत! अण्णांनी झोपेत कूस बदलली अन् वरची पोती अण्णांसकट जी घसरली, ती थेट दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत!

अण्णा डोळे चोळत उठून बसले. रेहाना म्हणाली, "या अण्णा, बसा. काय देऊ?"

अण्णासुद्धा हसले. दुकानातलं ते शेवटचं मोठं हसणं असावं.

*

प्लास्टिकला शिवण नको. फाटलं की सर्रकन खालपर्यंत फाटतं. रेहानानं दाभण घालून बघितलं, तर टाक्यागणिक भोक मोठं. ती म्हणाली, "अक्का, याला टाका मानवत न्हाय." अन् दाभण पुसून ठेवलं.

तिचा नवरा इस्माईलभाई अण्णांकडंच हमाली करायचा. त्याला सोलापूरच्या गोदामात काम लागलं. सामानाचा टेम्पो भरला, गल्ली जमली. अक्का बाहेर आलीच नाही. मी आत जाऊन बघते तर धुतलेली भांडी परत धुवत बसलेली.

"अक्का, ती निघाली."

"जाऊ दे की. मी काय धरून ठेवलंय?"

त्या दिवशी तागाचं एक पोतं अर्धं शिवून राहिलं होतं. अक्कानं ते खुंटीला अडकवलं. मी एकदा ते पुरं करायला घेतलं, तर हातातून ओढून घेतलं. "ठिवा खाली! ते टोक तिचं हाय."

फोन होता. पण अक्का फोनवर बोलायची काय? "जेवलीस? बरं. ठेवते." एवढंच! मग फोन पदरात धरून दारात बसायची.

*

आता सांगा, असल्या बाईच्या शेजारी राहून ते अर्धं वाक्य मी पोटात कसं ठेवू? संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, ताग येतोय अन् रेहाना बिऱ्हाडासकट परत येतेय! कुणी तिची जुनी खोली झाडून ठेवली. अक्कानं डब्यातलं दाभण काढून त्याला खोबरेल लावलं. ते बघून मात्र मला आठवलं, वाक्य तर मी अर्धंच ऐकलं होतं. मी अण्णांना गाठलं.

"अण्णा, फोनवर नेमकं काय म्हणालात हो तुम्ही?"

"मला काय विचारता, ताई? गल्लीला तर तुम्हीच सांगितलं!"

मग त्यांनी सांगितलं. ताग येतोय, पण थोडाच. बाकी साखर पांढऱ्यातच. रिकाम्या पोत्यांचा एक गठ्ठा आलाय, त्यातली थोडी फाटकी. अन् फोनवर इस्माईलभाई होता, ते वाक्य असं होतं, "मग रेहाना भाभीला एक दिवस पाठवून द्या."

एक दिवस!

*

रेहाना सकाळच्या एसटीनं आली. दाभण पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेलं. अक्का नुसतं कानडीत म्हणाली, "बा, कुंद्रू," म्हणजे ये, बस, अन् सरकून तिला जागा केली. फाटकी पोती दुपारीच संपली. मग रेहानाची नजर खुंटीवर गेली.

"हे अजून अर्धंच?"

"दुसरं टोक कुणाचं हाय?"

दोघी समोरासमोर बसल्या. दाभणाला दाभण भिडलं. गाठीवरून भांडण झालं नाही. "तू मार," "न्हाय, तुमी मारा," असंच चाललं. शेवटी रेहानानं मारली.

अक्कानं चहा केला. साखर प्लास्टिकच्या पुड्यातली, माझ्यासमोर फोडलेली. चहाही गाळलेला. तरी रेहानाच्या कपात हा लांब धागा!

"क्या अक्का, चा में अब्बीबी धागा?"

"पाहुणा येणार आज."

"मैं आई ना!"

अक्का उरलेली सुतळी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कधीपासनं पाहुणी झालीस?"

रेहानानं धागा बोटानं काढला अन् बशीच्या काठावर सरळ करून ठेवला.

बाहेरून अण्णांची हाक आली, "भाभी, सोलापूर गाडी लागली!"

"थांबा अण्णा," रेहाना म्हणाली, "चहा गरम हाय."

कप कधीचाच रिकामा होता.