मापावरची ओंजळ

वडवणीत आमचं जनावरांच्या सरकी-पेंडीचं दुकान आहे आणि दुकानामागच्या बैठकीत सहा फुटी काचेची टाकी. टाकीत खारं पाणी, पाच-सहा रंगीत मासे आणि प्रवाळ. प्रवाळ दिसतात दगडासारखे, पण असतात जिवंत. पाण्यातलं कॅल्शियम घेऊन ते वाढतात, म्हणून ते रोज वरून घालावं लागतं. इथं प्यायच्या पाण्याची बोंब आणि हा गडी घरात समुद्र पाळतो, असं लोक म्हणायचे आणि बाजाराच्या दिवशी बघायलाही यायचे. ते यायचे याचं मला भारी कौतुक होतं.

टाकी ठेवली तिथं आधी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दिवाण होता. तो मी मागच्या पत्र्याच्या खोलीत टाकला. आप्पा दुपारी दुकानातून उठले की टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायचे, "आज किती वाढलंय रे?" मी म्हणायचो, "काचंला हात लावू नका." बोटाला तंबाखूचा चुना, आणि उभा जन्म म्हशींना कॅल्शियमच्या बाटल्या पाजण्यात गेलेला. असा माणूस मला टाकीजवळ नकोच होता.

काम तसं सोपं, पण त्यात हयगय खपत नाही. कॅल्शियमचं पाणी एका कॅनमध्ये, आणि प्रवाळांना तितकंच लागणारं सोड्याचं पाणी दुसऱ्यात. दोन्ही एकदम ओतली तर पाणी पांढरंफटक होतं, कॅल्शियमचा सगळा चुना होऊन खाली बसतो. म्हणून सकाळी एक, संध्याकाळी दुसरं, तेही बारीक धारेनं, पाणी जोरात फिरतं तिथं. अधूनमधून पाणी तपासायचं आणि कॅल्शियम हळूहळूच चढू द्यायचं. मी मात्र प्रवाळ लवकर वाढावेत म्हणून दोन्ही गोष्टी, टाकीला सोसतील त्याच्या अगदी काठावर ठेवायचो. हाव म्हणा हवं तर.

बायकोच्या भाच्याच्या लग्नाला आठ दिवस बेंगळुरूला जायचं ठरलं. आप्पांशिवाय घरात दुसरं कुणी नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी दुकानाच्या तराजूवर दोन्ही पावडरी मोजून कॅन नव्यानं भरले आणि आप्पांना सगळं समजावलं. ते शाळेतल्या पोरासारखे घोकत बसले. "सकाळी निळ्या झाकणाचं एक माप. सांजच्याला पांढऱ्या झाकणाचं एक माप. संगं न्हाई टाकायचं." मग स्वतःहून म्हणाले, "चुना नको बोटाला. आठ दिवस तंबाखू बंद." चाळीस वर्षांची तंबाखू त्यांनी माझ्या टाकीसाठी सोडली, आणि मला वाटलं, बरं झालं, थुंकणं तरी थांबेल.

परत आलो तो बाजाराचा दिवस होता. टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. प्रवाळांची कातडी सुटून खालचा पांढरा सांगाडा दिसत होता. मासे तळाशी पडले होते. बघायला आलेली चार माणसं दारात उभी होती. त्यांच्यासमोर मी माझ्या बापाला म्हणालो, "म्हशीची बाटली ओतली का बे?"

बापाला 'बे' म्हणालो. दारातली माणसं खाली बघायला लागली.

"तू सांगितलं तेवढंच टाकलं, बाबा," आप्पा म्हणाले. "एक-एक माप. ह्या बघ रेघा." टाकीच्या लाकडी स्टँडवर खडूनं सोळा रेघा ओढलेल्या होत्या, सकाळच्या आठ, संध्याकाळच्या आठ. मी ओलं फडकं घेतलं आणि त्या पुसल्या. म्हणालो, "रेघा कुणीबी वढतंय. तुमच्या हाताला अक्कल न्हाई. उद्यापासून दुकानात बी मापाला हात लावायचा न्हाई."

आमच्या दुकानात आप्पांच्या मापाला मान होता. चौसाळ्यापासून लोक यायचे आणि आप्पांच्याच हातून सरकी घ्यायचे. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी नेमकं तिथं मारलं. खोटं कशाला बोलू, मारताना बरं वाटलं. आप्पांनी आपले तळहात पुढं धरून बघितले. मग म्हणाले, "आसंल. चुकलंबी आसंल हातून."

महिनाभरानं टाकी धुऊन मी पुन्हा कॅन भरायला बसलो. दुकानाच्या तराजूवर अर्धा किलो पावडर मोजली, कॅनमध्ये रिकामी केली, आणि पोत्यातून एक ओंजळ उचलली. ओंजळ कॅनच्या तोंडाशी गेली तेव्हा माझं लक्ष गेलं.

ही ओंजळ आप्पांनीच शिकवलेली. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी सांगितलं होतं, "माप झालं की वर एक ओंजळ. गिऱ्हाईकाला निस्तं तोलून दिलंय आसं वाटू नये." तेव्हापासून त्या तराजूसमोर बसलं की माझा हात आपसूक ओंजळ भरतो. लग्नाला निघायच्या आदल्या दिवशीही भरली असणार, प्रत्येक मापावर, कॅल्शियमवर आणि मग सोड्यावरही. आधीच काठावरचं पाणी, वर आठ दिवस दीडपट औषध, आणि मधे पाणी तपासून माप कमी करायला मी नव्हतो. आप्पांनी ते सांगितल्याप्रमाणे, थेंबही न सांडता, घातलं होतं.

दारातून आप्पा दिसत होते. दुकानाच्या पायरीवर हात मांडीत घेऊन बसले होते. कामावरचा गडी सरकी मोजत होता आणि ते बघत होते. मी हाक मारली नाही. ओंजळ पोत्यात परत टाकली आणि कॅनचं झाकण लावलं.

याला आता वर्ष होत आलं. परवा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात दिवसातून चारदा औषध घालायचं असतं. बाटली ते स्वतः धरत नाहीत. माझी वाट बघत उताणे पडून राहतात. काल मी बाटली उघडली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या टायमाला मी किती टाकलं होतं रे? मला तर एक-एक मापच ध्यानात हाय."

मी म्हणालो, "जास्त."

"हां," आप्पा म्हणाले, आणि मला थेंब नीट टाकता यावा म्हणून त्यांनी डोळा आणखी मोठा उघडला.