कवठाची नानखटाई

परसातल्या राखेत सापडलेली अंड्यांची टरफले माझी होती. ही एवढी गोष्ट मी वहिनीपासून जवळजवळ चाळीस वर्षे लपवून ठेवली.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांसमोर संध्याकाळी उकडलेल्या अंड्यांचे गाडे लागू लागले होते. आमचे घर लिंगायत. तिथे अंड्याचे नावही निघत नसे. मी तेव्हा कॉलेजात होतो. शिवरात्रीच्या चार दिवस आधी कागदात गुंडाळून दोन अंडी आणली, माडीवर खाल्ली आणि टरफले राखेत खुपसली.

वर्ष दुष्काळाचे होते. वहिनी त्याच वर्षी मुदखेडहून लग्न होऊन आलेली. विहिरी आटल्या होत्या, पण बांधावरच्या कवठाने फळ धरले होते. शिवरात्रीच्या उपासाला आणलेल्यांपैकी उरलेल्या कवठांचा गर वहिनीने दुसऱ्या दिवशी गुळात आटवून घट्ट जॅम केला. मैदा, पिठीसाखर आणि तूप मळून गोळे केले, प्रत्येकात अंगठ्याने खळगा करून जॅम भरला. कढईत वाळू तापवून तीवर जर्मनची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची थाळी ठेवली, झाकणावर निखारे. अशा टंचाईत हे कसले लाड, असे आईने विचारले, तेव्हा या पिठात पाण्याचा थेंबही पडत नाही, असे वहिनीने हसून सांगितले.

पाणी वाचवण्यासाठी भांडी कोरड्या राखेने घासत. त्याच दुपारी राख उपसताना आईच्या हाती टरफले लागली. बिस्किटांत अंडे असते, एवढेच तिला ठाऊक होते. तिने सगळ्यांना गोळा केले.

"लिंगावर हात ठेवून सांग, अंडं न्हाई घातलं म्हणून."

वहिनीचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला नाही.

"शपथ न्हाई घ्यायची मी, आत्याबाई. उद्यापासून अंगणात भाजते. ज्याला बघायचं हाय त्यानं बघावं."

मी दारात उभा होतो. हातात तिचीच नानखटाई होती. ती मी खाल्लीही.

दुसऱ्या दिवशी अंगणात चूल पेटली. शेजारणी भिंतीवरून डोकावल्या. आमच्या सूनबाईंनी बेकरी टाकली, असे आई त्यांना ऐकवत राहिली. वहिनीने प्रत्येकीला बोलावून जवळ बसवले आणि मैद्याचा डबाही उघडून दाखवला. आईने मात्र मरेपर्यंत त्या नानखटाईला हात लावला नाही.

पुढे घरात गॅस आला, पुतण्याने ओव्हनही आणला. वहिनी त्यावर कापड घालून ठेवते आणि शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अंगणातच चूल मांडते. कोणी कारण विचारले, तर कढई आणायला सांगते. तिच्या या हट्टाचे घरात कौतुक होते. मी मान खाली घालून थाळी पुढे करतो.

यंदा चूल मांडायच्या आदल्या दिवशी मी भावाला सारे सांगितले.  तो म्हणाला, "आई गेली. आता कशाला उकरून काढतोस?"

आळ चारचौघांत आला होता. तो नुसता कानात सांगून उतरणार नव्हता. सगळे अंगणात बसल्यावर मी उभा राहिलो. भावाने नजरेने खुणावले, तरी बसलो नाही. वहिनी निखारे सारखे करत होती.

"वहिनी, त्या दिवशीची टरफलं माझी होती. अंडी मी खाल्ली होती. आळ तुमच्यावर आला आणि मी दारात गप्प उभा राहिलो. मला माफ करा."